मोडी की बाळबोध? संगणकीय कोडच्या वाचनीयतेचा प्रश्न

वडोदऱ्याहून सुरतेकडे जाताना लागणाऱ्या करजणच्या रेल्वे स्थानकाचे पूर्ण नाव ‘मियागाम करजण जंक्शन’ असे आहे. रेल्वेच्या संगणकात मात्र ते ‘एम-वाय-जी’ या तीन रोमन अक्षरांत सामावले आहे. या खुणेत मियागाम सापडते, करजण सापडत नाही. वडोदऱ्याची खूण ‘बी-आर-सी’. बडोद्याचे अधिकृत नाव वडोदरा झाले, तरी खुणेतला जुना ‘बी’ तसाच राहिला. गोव्यातील थिवी स्थानकाची ‘टी-एच-व्ही-एम’ ही खूण रोमन व्यंजने जुळवून ओळखता येते. मडगावची ‘एम-ए-ओ’ मात्र आधीच ठाऊक असावी लागते. यंत्राच्या दृष्टीने या चारही खुणा सारख्याच. फरक पडतो तो त्या वाचणाऱ्या माणसाला. संगणकाच्या कोडची वाचनीयता हा विषय नेमका येथून सुरू होतो.

कोड म्हणजे संगणकाला द्यावयाच्या सूचनांचा लिखित मजकूर. त्याला दोन वाचक असतात. पहिला वाचक यंत्र. त्याला व्याकरण अचूक हवे. नाव सुबोध आहे की निरर्थक, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसरा वाचक माणूस. उद्या त्या मजकुरात बदल करायचा असतो, चूक शोधायची असते किंवा नवा नियम घालायचा असतो, तेव्हा तो मजकूर समजून घेण्याची जबाबदारी या दुसऱ्या वाचकावर येते. कोड लिहिला जातो एकदा. वाचला जातो अनेकदा, आणि बहुतेक वेळा मूळ लेखकाखेरीज दुसऱ्याच कोणाकडून. कोडच्या गुणवत्तेत अचूकता, सुरक्षितता, वेग आणि बदल पचवण्याची क्षमता या सर्वांचा समावेश होतो. वाचनीयता हा त्यातला एक गुण असला, तरी बाकीचे गुण तपासता येतात ते तिच्यामुळेच. जे वाचता येत नाही, ते बरोबर आहे की चूक, हेही सांगता येत नाही.

लेखकाची सोय आणि वाचकाची सोय

हा पेच मराठीला नवा नाही. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे आणि पुढे बडोदा संस्थानाचेही जुने मराठी दप्तर मोडी लिपीत आहे. मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी होती. ओळीची रेघ आधी ओढून घ्यायची आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जायचे, ही तिची रीत. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे लेखन वेगाने होई. पण शब्द कोठे तुटतो आणि वाक्य कोठे संपते, हे वाचणाऱ्याला संदर्भावरून ठरवावे लागे. त्या काळच्या कारकुनाला तो संदर्भ पाठ होता. आज तो पाठ असणारे थोडेच आहेत, आणि म्हणून एखाद्या जमिनीच्या जुन्या कागदासाठी मोडी जाणणाऱ्या तज्ज्ञाचा शोध घ्यावा लागतो. याउलट देवनागरीला मराठीत ‘बाळबोध’ हे नाव पडले, म्हणजे बालकालाही बोध होईल अशी. लिहायला ती सावकाश, वाचायला स्वच्छ.

संगणकाच्या भाषांतही हे दोन्ही प्रकार आढळतात. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोरट्रान या भाषेत मोडीचे एक लक्षण अक्षरशः होते. तिच्या जुन्या रूपात सूचनेतील मोकळ्या जागांना काहीच अर्थ नव्हता. यंत्र त्या गाळून वाचत असे. एखादी कृती दहा वेळा करण्याच्या सूचनेत ‘१’ आणि ‘१०’ यांच्यामध्ये स्वल्पविराम लागे. त्या जागी चुकून टिंब पडले, तर यंत्र आधीचे सर्व शब्द सलग जोडून त्यांचे एक नवेच नाव बनवी आणि त्याला १.१० ही किंमत देऊन पुढे जाई. चूक झाल्याचा इशाराही मिळत नसे. शिवाय नावे जास्तीत जास्त सहा अक्षरांची असावीत, असे बंधन होते. सहा अक्षरांत ‘व्याजाचा वार्षिक दर’ लिहायचा, तर त्याची खूणच होणार. नाव होणार नाही.

नाव हेच पहिले स्पष्टीकरण

वाचनीयतेचा सर्वांत मोठा भाग नावांत असतो. समजा, एखाद्या बससेवेच्या आज्ञावलीत पुढील ओळ आहे:

क = ख × ०.५

यंत्रासाठी ही ओळ परिपूर्ण आहे. वाचकाला मात्र ती काहीच सांगत नाही. ०.५ म्हणजे निम्मे. पण कशाचे आणि कोणाला? आता तीच ओळ अशी लिहिली, तर:

सवलतीचे_भाडे = मूळ_भाडे × ज्येष्ठांचा_सवलत_दर

गणित तेच राहिले, परंतु आता ओळ आपले कारण सांगू लागली. उद्या ज्येष्ठ नागरिकांची सवलत बदलली, तर कोठे हात घालायचा हे शोधावे लागत नाही. पहिल्या पद्धतीत ०.५ हा आकडा शंभर ठिकाणी विखुरलेला असू शकतो. त्यातले काही ज्येष्ठांसाठी, काही मुलांसाठी आणि काही वेगळ्याच कारणासाठी आलेले असतात. एक बदलताना दुसरा बदलला, तर भलत्याच प्रवाशाचे तिकीट चुकते. स्पष्टीकरणाशिवाय आलेल्या अशा आकड्यांना नाव द्यावे, हा जवळजवळ प्रत्येक भाषेच्या शैलीनियमांतला पहिल्या काही नियमांपैकी एक असतो.

एका संकल्पनेला एकच शब्द, हा दुसरा नियम. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या राज्यात १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा बहुभाषी कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजी प्रशासकीय संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत आदी भाषांत कोणते प्रतिशब्द आहेत, ते त्यात एकत्र मांडले आहेत. बडोद्याचा कारभार गुजराती प्रजेसाठी, मराठी राजघराण्याच्या छत्राखाली आणि इंग्रजी कायद्याच्या सान्निध्यात चालत होता. एकाच गोष्टीला कचेरीगणिक वेगळा शब्द वापरला गेला, तर हुकुमाचा अर्थ बदलण्याची भीती होती. मोठ्या आज्ञावलीचीही हीच अडचण असते. एकाने ‘ग्राहक’ लिहिले, दुसऱ्याने ‘खातेदार’ आणि तिसऱ्याने ‘सभासद’, तर ते एकच की तीन वेगळे, याचा उलगडा करण्यात दिवस जातात.

भाषेगणिक बदलणारी शिस्त

प्रत्येक संगणकभाषेने वाचनीयतेची कल्पना वेगळ्या प्रकारे केली. १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबॉलच्या कर्त्यांना व्यापारी हिशेब साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिता यावेत असे वाटत होते. ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. कोबॉलमध्ये बेरजेची सूचना वाक्यासारखी लिहिली जाते आणि शेवटी पूर्णविराम येतो. एकेक ओळ वाचायला ती सोपी आहे. पण हजारो ओळींच्या पसाऱ्यात मुख्य धागा सापडणे अवघड जाते. वाक्य सोपे असले म्हणजे प्रकरण सोपे होतेच, असे नाही.

केनेथ आयव्हरसन यांच्या एपीएल या भाषेने दुसरे टोक गाठले. तिच्यात खास चिन्हे वापरून पानभर आज्ञावली एका ओळीत बसवता येते. नवख्याला ती कोड्यासारखी भासते, सरावलेल्याला गणिती सूत्रासारखी. पाणिनीच्या अष्टाध्यायीची सुमारे ४,००० सूत्रेही अशीच आटोपशीर आहेत. पण ती समजण्यासाठी वृत्ती आणि भाष्य लागते. एपीएलचे उदाहरण एक गोष्ट स्पष्ट करते. वाचनीयता हा केवळ मजकुराचा गुण नव्हे. तो मजकूर आणि त्याचा अपेक्षित वाचक यांच्यातील संबंध आहे.

१९६८ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ या सूचनेविरुद्ध लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. आज्ञावलीत कोठूनही कोठेही उडी मारण्याची मुभा असली, की वाचणाऱ्याला तिच्या वाटचालीचा माग काढता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यानंतर वरून खाली सलग वाचता येणारी, ठरावीक खंडांत विभागलेली रचना हळूहळू सर्वमान्य झाली. डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये त्यापुढे जाऊन आज्ञावली एखाद्या निबंधासारखी, माणसाला समजावून सांगण्याच्या क्रमाने लिहावी असा विचार मांडला.

पुढील दोन भाषांमधला विरोध आजही उदाहरण म्हणून दिला जातो. लॅरी वॉल यांची १९८७ मधील पर्ल ही भाषा एकच काम अनेक प्रकारे करण्याची मोकळीक देते. गुइडो व्हॅन रॉसम यांची १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा शक्यतो एकच सरळ मार्ग असावा, असे मानते. पायथनमध्ये ओळ किती आत ढकलली आहे, यावरूनच ती कोणत्या खंडात मोडते हे ठरते. म्हणजे डोळ्यांना दिसणारी मांडणी आणि यंत्राने घेतलेला अर्थ एकच राहतो. तिचा शैलीनियमांचा दस्तऐवज २००१ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक पातळीला ४ मोकळ्या जागा आणि ओळीत जास्तीत जास्त ७९ चिन्हे, असे त्यातले बारकावे आहेत. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो या भाषेने तर मांडणीचा वादच मिटवला. तिच्यासोबत मिळणारे साधन प्रत्येकाचा कोड एकाच ठरलेल्या साच्यात बसवून देते.

एका ओळीची किंमत

मांडणी ही केवळ सौंदर्याची बाब नाही, याचा दाखला फेब्रुवारी २०१४ मध्ये मिळाला. ॲपलच्या फोन आणि संगणकांवर सुरक्षित संपर्काची तपासणी करणारा कोड सी भाषेत होता. सी भाषेत अटीनंतर एकच सूचना असेल, तर तिच्याभोवती महिरपी कंस घालण्याची सक्ती नाही. या कोडमध्ये एका अटीखालची ‘गो टू’ची ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली. दुसरी ओळही तेवढीच आत ढकललेली होती. त्यामुळे डोळ्यांना ती त्याच अटीखाली आहे असे दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ती अटीबाहेर होती आणि प्रत्येक वेळी अमलात येत होती. परिणामी पुढची महत्त्वाची पडताळणी टळत असे आणि खोट्या संकेतस्थळालाही खरे मानले जाण्याचा धोका निर्माण झाला होता. कंपनीने तातडीने दुरुस्ती प्रसृत केली.

हीच चूक वेगवेगळ्या भाषांत काय रूप घेईल, हे पाहणे बोधप्रद आहे. पायथनमध्ये तेवढीच आत ढकललेली दुसरी ओळ खरोखरच अटीखाली गेली असती आणि निरुपद्रवी ठरली असती. गो आणि रस्ट या भाषांत महिरपी कंस सक्तीचे आहेत. त्यामुळे दिसणे आणि असणे यांत एवढी फारकत पडली नसती. भाषेची रचना काही चुका अवघड करून ठेवते, हे त्यावरून दिसते.

मग उत्तम भाषा निवडली की उत्तम कोड आपोआप मिळतो काय? २०१४ मध्ये गिटहबवरील ७२९ प्रकल्प आणि १७ भाषा तपासणारा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषेचा आणि चुकांच्या प्रमाणाचा संबंध आहे, पण तो अल्प आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच विदेची फेरतपासणी केली. तेव्हा मूळ निष्कर्षांपैकी बरेचसे टिकले नाहीत. केवळ चार भाषांच्या बाबतीत संबंध उरला आणि तोही अत्यंत क्षीण. भाषा मदत करते. लिहिणाऱ्याची जबाबदारी ती उचलत नाही.

वाचनीयता मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीतून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा मोजण्याची रीत सुचवली. एका खंडात अशा वाटा १० पेक्षा अधिक होऊ लागल्या, की तो खंड तोडावा, असे त्यांचे मत होते. २००८ मध्ये अमेरिकेतील रेमंड ब्यूज आणि वेस्टली वायमर यांनी १२० जणांना कोडचे १०० छोटे उतारे दाखवून ते वाचायला किती सोपे आहेत हे विचारले. ओळीत दाटी झाली की वाचनीयता घटते, हे त्यात स्पष्ट दिसले. मात्र नावांची निव्वळ लांबी वाढवून फारसा लाभ होत नाही, असेही आढळले. नाव लांब असण्यापेक्षा नेमके असणे महत्त्वाचे.

मुंबई-पुण्याचा धडा

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या आरंभीच्या कामांत नवा कोड लिहिण्याइतकेच दुसऱ्याचा कोड वाचण्याला महत्त्व होते. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सुरुवातीच्या परदेशी कामांपैकी एक काम रुग्णालयाच्या हिशेबाच्या आज्ञावलीचे होते. बरोज कंपनीच्या एका श्रेणीतील संगणकासाठी कोबॉलमध्ये लिहिलेली ही आज्ञावली त्याच कंपनीच्या दुसऱ्या श्रेणीतील संगणकावर चालेल अशी करून द्यायची होती. अपरिचित माणसांनी लिहिलेला मजकूर समजून घेऊन त्याचा अर्थ न बदलता रूप बदलणे, असे हे काम होते. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्रात आज्ञावली तपासणारी आणि रूपांतरित करणारी साधने घडवण्यावर पुढे बरेच काम झाले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या कौशल्याची परीक्षा झाली. जागा वाचवण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत सालाचे शेवटचे दोनच अंक ठेवले जात. २००० साल उजाडताच ‘००’ चा अर्थ १९०० असा घेतला जाण्याची भीती होती. दुरुस्ती स्वतःत अवघड नव्हती. अवघड होते ते तारीख कोठे कोठे वापरली आहे हे शोधणे. जेथे नावातच तारखेचा उल्लेख होता, तेथे काम लवकर झाले. जेथे तो नव्हता, तेथे ओळ न ओळ वाचावी लागली. त्या वाचनाने भारतातील हजारो तरुणांना रोजगार दिला. गोव्यातून पुणे-मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या संगणक पदवीधरांच्याही वाट्याला आज प्रथम येते ते बहुधा असेच आधीच्यांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या देखभालीचे काम.

जुना कोड नागरिकांपर्यंत कसा पोहोचतो, हे एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात दिसले. महामारीत बेरोजगार भत्त्याचे अर्ज एकाएकी वाढले आणि दशकांपूर्वीच्या संगणक यंत्रणेवर ताण आला. तेव्हा राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घालावी लागली. मोडी वाचणारा शोधावा, तसा हा शोध होता. फरक इतकाच, की येथे रांगेत इतिहासाचे अभ्यासक नव्हते, तर घरभाड्याची चिंता असलेली कुटुंबे होती.

देवनागरीतील नावे

मराठी वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल, की वर दिल्यासारखी मराठी नावे कोडमध्ये खरोखर चालतात काय? चालतात, पण सर्वत्र नाही. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथनची तिसरी आवृत्ती देवनागरी नावे स्वीकारतात. रस्टमध्ये ही सोय २०२१ पासून आहे. गो भाषेत मात्र अडचण येते. नावात फक्त अक्षरे आणि अंक असावेत, असा तिचा नियम आहे, आणि युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, उकार ही स्वतंत्र अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. परिणामी त्या भाषेत ‘करजण’ हे नाव चालते, कारण त्यात एकही मात्रा नाही. ‘गोवा’ मात्र नाकारले जाते. शिवाय मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू होणारी नावेच इतर विभागांना वापरता येतील, हा तिचा आणखी एक नियम आहे. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही.

व्यवहारात बहुतेक ठिकाणी इंग्रजी नावेच वापरली जातात आणि सामायिक कामात ते सोयीचेही आहे. खरी अडचण मधल्या वाटेने येते. ‘शुल्क’ हा शब्द रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकल्पात ते सर्व प्रकार शिरले आणि जोडीला ‘फी’ही आली, तर शोध घेताना काही ठिकाणे हमखास सुटतात. मराठी संज्ञा रोमन लिपीत वापरायच्याच असतील, तर तिचे एकच लेखन ठरवून त्याची यादी प्रकल्पाच्या आरंभी ठेवणे हा साधा उपाय आहे.

टिप्पणी, तपासणी आणि जबाबदारी

जवळपास प्रत्येक भाषेत यंत्राने दुर्लक्षित करावयाच्या टिप्पण्या लिहिण्याची सोय असते. कोड काय करतो हे टिप्पणीत पुन्हा सांगणे निरर्थक. तसे का करतो, हे सांगणे उपयुक्त. ‘दर निम्मा केला’ या टिप्पणीने काही कळत नाही. कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशान्वये केला, हे लिहिले तर पुढच्या माणसाचा दिवस वाचतो. मात्र कोड बदलला आणि टिप्पणी जुनीच राहिली, तर ती नसण्यापेक्षाही घातक ठरते.

लिहिलेला कोड दुसऱ्या सहकाऱ्याने वाचल्याशिवाय स्वीकारू नये, ही प्रथा वाचनीयतेची सर्वांत खात्रीशीर कसोटी आहे. सहकाऱ्याला खुलासा विचारावा लागला, तर तो खुलासा कोडमध्येच असायला हवा होता, असे समजावे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात शेकडो ओळी लिहून देतात. लेखनाचे श्रम त्यामुळे घटले आहेत, पण त्या ओळी वाचून त्यांची हमी देण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे. शिष्यवृत्ती, वीजबिल, जमिनीचा उतारा, रेल्वेचे आरक्षण असे नित्याचे व्यवहार ज्या कोडवर चालतात, त्यात चूक झाली तर ती दुरुस्त होण्याची पहिली अट एकच असते. कोणाला तरी तो कोड वाचता आला पाहिजे.